डावा आरसा

“भाऊ, डावा आरसा कायले पायजे? तिकडे वहिनी बसतीनच ना!” बावीस वर्षांपूर्वी गाडी विकताना दलाल हसत म्हणाला होता.

ताराचंदला ते ऐन अबोल्यात आठवलं. मेव्हण्याच्या घरी चारचौघांत त्याने बायकोच्या, प्रेमिलाच्या, पाटवडीच्या रश्शाला ‘धुवण’ म्हटलं, त्याला आज नववा दिवस होता. माफी मागायची तर जीभ टाळूला चिकटायची. म्हणून त्याने मागाहून बसवलेल्या डाव्या आरशाचा स्क्रू गुपचूप ढिला केला. आरसा लोंबला, की वाडीच्या रोजच्या रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत हिला तोंड उघडावंच लागणार!

“डावीकडून कोणी येऊन राहिलं का वं?” त्याने गोड आवाजात विचारलं.

प्रेमिलाने डॅशबोर्डवर टकटक केली. एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तीन दिवस गाडी अशी खंजिरीच्या तालावर चालली. चौथ्या दिवशी एक ट्रक इतका घासून गेला, की ताराचंदने करकचून ब्रेक दाबला. घरी येताच त्याने दातओठ खाऊन स्क्रू कसला. अबोला तर अबोला, जीव तर राहील!

सकाळी पाहतो, तर आरसा पुन्हा मान टाकून लोंबत होता. ताराचंद एकदा आरशाकडे पाही, एकदा बायकोकडे.



“पाहून काय राहिले? आज मीच ढिला केला. मलेबी बोलाले काहीतरी निमित्त पायजे होतं ना!”