सुनेचं पोहणं

"चारशे पायऱ्या चढून किल्लाच बघायचा, तर आपला पन्हाळा काय वाईट होता?" म्हणत मी सिसिलीतल्या त्या जुन्या गावाच्या तटाखाली वाळूत बसकण मारली. सहलीची मंडळी वर गेली. हे माझ्याजवळ थांबले.

समोर माझ्याहून थोराड बाया दोन चिंध्या नेसून खुशाल डुंबत होत्या. मी हर्णैची, होड्यांच्या पुढे पोहणारी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं, "आमच्यात सुना पोहत नाहीत." ह्यांनी तेव्हा वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नव्हतं. त्याला बावन्न वर्षं झाली.

मी कवळी काढून ह्यांच्या हातात दिली.

"अगं, जमेल का आता?"

"बुडले तर वर जाऊन आईंना सांगेन, तुमच्यात सुना खरंच पोहत नाहीत."

पंजाबी ड्रेससकट मी पाण्यात शिरले. पाय तळावरून सुटले, आणि मग हात आपोआप पाणी कापू लागले.

बऱ्याच वेळानं काठावरून टूर मॅनेजर ओरडला, "काकू, चला, बस सुटतेय."

मी निमूट वळले. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "थांबव बस. तिला अजून पोहायचंय."