नुसता ठेका

पलंगावर दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर मांडले होते, सोयरीक जुळवायला बसवावेत तसे. एक शेजारच्या आक्कांचा, लाइटीवरचा. त्यातून ठेका वाजणार. दुसरा घरचा, सेलवरचा. तो ठेका आणि दीक्षाचं गाणं दोन्ही भरून घेणार. गायन पार्टीनं तिचा आवाज पास केला होता, ताल नापास. ठेक्यावर गाऊन उद्यापर्यंत कॅसेट दे, मग स्टेजवर घेतो, म्हणाले होते.

"गावला का ठेका?" कोपऱ्यात तेलाच्या रिकाम्या डब्याला टेकून बसलेल्या आज्यानं, सयाजीनं विचारलं.

"सगळं कोल्हापूर पालथं घातलो, आबा. गाणं नसलेली कॅसेट द्या म्हटलं, तर दुकानदार म्हणतोय, मग कोरीच घेऊन जा की! शेवटी बेंजो पार्टीतल्या केरबाण्णानं सरावाची दिली."

तिनं कॅसेट लावली. ढोल सुरू झाला.

"ढोल वाजवतोय का चटणी कांडतोय?"

"आबा, गप बसा की!"

सयाजी एके काळी हलगी वाजवायचा. छप्पन्न साली वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवशी त्यानं ती विहिरीत टाकली. पुढं तीन दिवस विहिरीचं पाणी ठेका धरून काठावर आपटत होतं म्हणतात. म्हणणारे कोण, ते विचारू नका. पण तेव्हापासून त्यानं कुठल्या चामड्याला बोट लावलं नाही, हे मात्र खरं.

दीक्षानं खटके दाबले आणि गाऊ लागली. बाबासाहेबांवरचं, तिनं स्वतः जुळवलेलं गाणं. दोन कडवी झाली. तिसरं उचललं आणि लाइट गेली.

ढोल मेला. सेलवरचा टेप मात्र फिरतच होता. दीक्षाचा सूर अर्ध्यात लोंबकळला, आणि कोपऱ्यातून ठेका आला. तोच ठेका, पण पायात बळ असलेला. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं तर थांबेल, एवढं तिला कळत होतं. शेवटची ओळ संपली तेव्हा तिनं टेप बंद केला.

सयाजीचे दोन्ही हात डब्यावर होते.

"त्येच्यात आलं व्हय ते?"

"आलं की."

"पूस."

"आबा, उद्या द्यायची हाय!"

"पूस म्हंतो न्हवं. हलगी टाकस्तवर दुसऱ्याच्याच म्होरं वाजवलं, पोरी. वरातीच्या म्होरं, मढ्याच्या म्होरं. वाजवून झालं की दाराभाईर हुबं ऱ्हायाचं. ते माज्यासंगं जाऊ दे. तुज्या गाण्यात नगं."

दीक्षानं कॅसेट मागं फिरवली आणि टेप उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुमच्या हातानं पुसा. हे दोन खटके एकदम दाबायचे, की आधीचं जातंय आन् नवं चढतंय. पर एकदा ऐका, मग पुसा."

सयाजी ऐकत राहिला. मान खाली. ढोल होता तोवर तोंड वाकडं. ढोल गेला, डबा आला, तसा त्याचा अंगठा डब्याच्या कडेवर हलायला लागला. मग एकाएकी त्यानं बोट वर केलं.

"पळालीस."

"मी? कुठं पळालो?"

"तिसऱ्यात. ठेका हितं, तू पार कागलात."

"लाइट गेलती, आबा!"

"ढोलाची गेलती. तुजी कशानं गेली?"

दीक्षाला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली. सयाजीनं टेप मांडीवरून बाजूला ठेवला, धोतराच्या सोग्यानं डब्याचा पत्रा पुसला, डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला. मग दोन बोटं त्या दोन खटक्यांवर ठेवून तिच्याकडं पाहिलं.

"तू म्होरं चाल. मी मागनं हाय. पर पळू नगंस."

आणि त्यानं दोन्ही खटके एकदम दाबले.