आईचा हुंकार

नातीला पाठवायची गोष्ट आप्पांनी माझ्या लॅपटॉपसमोर एकट्यानेच सांगितली, पण दर वाक्यानंतर ते थांबले होते. रेकॉर्डिंगमधल्या त्या रिकाम्या जागा मी कापायला गेले आणि माझा हात थबकला. तिथे आई "हं" म्हणायची. तिच्या हुंकाराशिवाय आप्पांची गोष्ट पुढे सरकतच नसे. आम्हा मुलांच्या आधी झोपायचीही तीच.

आई गेल्या वर्षी गेली. माझ्या फोनमध्ये तिचा एक व्हॉइस मेसेज उरला होता, "हं, पोचले गं." त्यातला फक्त "हं" मी कॉपी केला आणि आप्पा थांबले होते तिथे तिथे पेस्ट करत गेले.

मग आप्पांना बोलावून ऐकवलं. राजकन्या तळ्याकाठी आली. हं. होडी आपणहून किनाऱ्याला लागली. हं. आप्पांनी डोळे मिटले. दुपारचं ऊन त्यांच्या मांडीवर चढलं.

"शेवटचे जरा हळू कर," ते म्हणाले. "तिला पेंग यायची."

मी शेवटचे हुंकार पुसट करत नेले, अगदी अखेरची जागा रिकामीच ठेवली आणि पुन्हा ऐकवलं. रेकॉर्डिंगमधल्या आप्पांनी सवयीने विचारलं, "झोपलीस का गं?"

माझ्या शेजारी बसलेले आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "हं."