उडता चतुर

पारनेरजवळच्या पाझर तलावावर उडता चतुर कॅमेऱ्यात टिपायचा म्हणून अवधूत तीन पावसाळे खेटे घालत होता. आज तो सापडला, पंखांच्या शिरान् शिरा दिसाव्यात इतका स्पष्ट. मागचा बांध मात्र त्या लांब लेन्समुळे पार धूसर झाला होता. बांधावर एक जोडपं बिलगून बसलं होतं. चेहरे ओळखू येत नव्हते, बाईची मोरपंखी ओढणी तेवढी कळत होती.

त्याची बायको मनवा सकाळी तशीच ओढणी घेऊन नगरला ट्रेनिंगला गेली होती. तशा ओढण्या बाजारात ढिगाने मिळतात, असं तो घरी येईपर्यंत स्वतःला बजावत राहिला.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"सापडला का एकदाचा तुझा चतुर? आता तरी सुट्टीचं घरी थांबशील," ती हसली. मग वाकून फोटो बघू लागली. तिने त्या जोडप्याची थट्टा करावी, निदान हा बांध कुठला म्हणून विचारावं, एवढीच त्याची आशा होती.

"अवधूत, हा कुणाला दाखवायच्या आधी ती मागची दोघं पुसून टाकता येतील का रे?"