ठिपक्याचं शेपूट

फ्रीज थरथरून सुरू झाला आणि स्वयंपाकघरात तिला, नवऱ्याला आणि भावाला, तिघांनाही हायसं वाटलं. निदान कशाचा तरी आवाज झाला.

टेबलावर, तिच्या लेकीच्या अर्ध्या राहिलेल्या दुधाच्या कपाशेजारी, नेम धरायला रायफलवर बसवायची साईट पडली होती. नुसती साईट, रायफल नव्हती. मुठीत मावेल एवढं नळकांडं, आत काच आणि काचेत पेटणारा लाल ठिपका. तिच्या भावाने ती रुमालात गुंडाळून आणली होती. पोलीस पथकाच्या सगळ्या रायफलींच्या साईट तोच तपासायचा, तोच जुळवायचा. तिचा नवरा त्याच पथकातला नेमबाज.

“शंभर मीटरवर पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत,” भाऊ म्हणाला. “एवढं मी छातीठोकपणे सांगतो, दाजी. आणि त्या दिवशी तर अंतर त्याहून कमी होतं.”

“मग गेली कशी चार बोटं बाजूला?”

चार बोटं बाजूला गेलेली ती गोळी औषधाच्या दुकानातल्या मुलीला लागली होती. चोराने तिला ढाल करून पुढे धरलं होतं. ती अजून शुद्धीवर आली नव्हती. साईट बिघडलेली होती, असा जबाब नवऱ्याने चौकशीत दिला होता, आणि त्या जबाबावर आज भावाला बोलावणं आलं होतं. दोघांपैकी एकाची नोकरी तर जाणारच होती. पुढे खटलाही.

“ठिपकाच धड नव्हता,” नवरा म्हणाला. “खाली डावीकडे शेपूट फुटलेलं. ठिपका कुठे संपतो आणि शेपूट कुठे सुरू होतं, काही कळेना.”

“ही त्याच लॉटमधली. कोरी. बघा हिच्यात.”

नवऱ्याने साईट डोळ्याला लावून खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. “घे! हिच्यातही शेपूट. अख्खा लॉटच बाद आहे तुझा. शिक्का मारून आत घेतलास तूच ना?”

“थांबा, डोळा काढू नका.” भावाने हात लांबवून नळकांडं जागच्या जागी कुशीवर वळवलं. “आता कुठे आहे?”

“तिथेच. खाली, डावीकडे.”

भाऊ खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा उतरला.

“दाजी, मी साईट वळवली. शेपूट तिचं असतं तर तिच्याबरोबर वळलं असतं. ते हललंच नाही. ते तुमच्या डोळ्यात आहे.”

आमटीत मीठ कमी की जास्त यावरून तासभर हुज्जत घालणाऱ्या नवऱ्याने साईट टेबलावर ठेवली.

टेबलाखाली मुलगी चपला एकापुढे एक लावून आगगाडी करत होती. इंजिन म्हणून बाबाचा बूट.

“असल्या चलाख्या मला नको शिकवूस,” नवरा म्हणाला. “तुझ्या बहिणीला बघू दे. हिला काय, ना तुझ्या नोकरीशी देणंघेणं ना माझ्या.”

“देणंघेणं नाही कसं?” भाऊ हसला, पण ओठांनीच. मग तिच्याकडे वळला. “बघ, ताई. तुलाही शेपूट दिसलं तर मी यांच्या डोळ्यांची तपासणी मागणार नाही. लॉट खराब होता, मी बघितलं नाही, असं लिहून देतो. नाही दिसलं तर...” दाजींकडे बघणं त्याला जमेना. “तर मला चौकशीत सांगावं लागेल. मलाही घर आहे गं.”

तिने साईट उचलली. नवऱ्याच्या हाताने ती गरम झाली होती.

ठिपका गोल होता. डाळिंबाच्या दाण्यासारखा, स्वच्छ. तिने साईट वळवली. गोल. उलटी वळवली. गोल. समोरच्या भिंतीवर कुणीतरी चादर वाळत घातली होती. ठिपका तिच्यावर नेमका थांबला, कुठे सांडला नाही. तिने डोळा काढला नाही. डोळा तिथे होता तोवर काही बोलावं लागणार नव्हतं.

शेजारी नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. लेक तापाने फणफणली असताना उशाशी बसून तो असाच श्वास घ्यायचा.

“आहे,” ती म्हणाली. “शेपूट आहे.”

“वळवून बघितलंस?”

“वळतं. तिच्याबरोबरच वळतं.”

भाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली.

“ताई म्हणते म्हणजे असणार,” तो म्हणाला आणि टेबलावर रुमाल पसरू लागला. रुमालाचे कोपरे काही केल्या सरळ होईनात. नवऱ्याने दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं.

“मामा, मला! मला पण दाखव!” मुलगी आगगाडी टाकून बाहेर आली.

“ये उंदरे.” त्याने तिला नेहमीसारखं मांडीवर ओढून घेतलं. “लवकर बघ. मामाला जायचंय.”

तिने आधी भलताच डोळा झाकला. मग दुसरा. आईने केलं तसं नळकांडं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. तिघेही तिच्याकडे बघत होते. तिने साईट खाली ठेवली, डोळा मुठीने खसाखसा चोळला आणि पुन्हा लावली. खालचा ओठ बाहेर आला.

“मला नाही दिसत शेपूट,” ती म्हणाली. मग घाबरून आईकडे वळली. “आई, माझा डोळा बिघडलाय का गं?”