वर ठेवलेला आवाज

"कचऱ्याचा डबापण रिकामा केलास?" नणंदेने फोनवर विचारलं.

"अजून जागा नाही, असं फोनच म्हणत होता. मग केला."

नणंद एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायची. घरात कुणाचं काही अडलं की फोन तिलाच जायचा आणि ती हसतहसत सोडवून द्यायची. आज ती हसली नाही.

झालं होतं ते एवढंच. दवाखान्याने रिपोर्टचे फोटो मागवले होते आणि दोघांत मिळून असलेला फोन फोटो घेईना. हिने शोधलं तर सगळी जागा अडवली होती नवऱ्याच्या रेकॉर्डिंगनी. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्याचा जन्म गेला होता. तो गोदामाच्या या टोकाला बोली बोलला की त्या टोकाचे हमाल माना वर करायचे. त्याच गळ्यातली स्वरपेटी काढायची ठरली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज आहे तोवर वाक्यं बोलून ठेवा, पुढे यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. मग तो वाक्यामागून वाक्य बोलत बसला. शेवटीशेवटी दर वाक्याला पाण्याचा घोट घेत. संपल्यावर म्हणाला, "सगळं क्लाउडवर चढवलंय. आता फोन विहिरीत पडला तरी फिकीर नाही."

तिने तेच मनात धरलं होतं. वर चढवलंय म्हणजे वर आहे. मग खाली कशाला अडगळ?

"वहिनी, वर असं काही नसतं गं," नणंद म्हणाली. "लांब कुठेतरी त्या कंपनीचं कॉम्प्युटर असतं. ते आणि तुमचा फोन एकमेकांकडे बघून चालतात. तू इथे पुसलंस की तिथेही पुसलं जातं. फोन हरवला असता, तर वाचलं असतं."

"म्हणजे हरवला असता तर बरं झालं असतं?"

"हो."

ती मटकन खाली बसली.

"दादाने हेच खातं आणखी कशावर उघडलं होतं का? नीट आठव."

"टॅब!" ती ओरडलीच. चादरींच्या खाली कपाटात जुना टॅब पडला होता, ऑपरेशन झाल्यापासून बंद.

"थांब, चालू करू नकोस! आधी वायफाय बंद कर. पुसलंय हे त्या टॅबला अजून कळलेलं नाही. नेट मिळालं की तोही पुसून मोकळा होईल."

तिने धावत जाऊन वायफायच्या डबीची वायर उपटली. तेवढ्याने जिवाला चैन पडेना, म्हणून घराचा मेन स्विचच पाडला. मग टॅब चार्ज कशावर करायचा, हे लक्षात आल्यावर स्वतःलाच शिव्या घालत तो पुन्हा वर केला.

टॅब काही उठेना. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसून राहिली, एखाद्या आजाऱ्यापुढे बसावं तशी. नवरा फिरायला गेला होता. तो यायच्या आत, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तो यायच्या आत.

पडदा उजळला. तिने बोटाने चाचपडत क्लाउडची खूण शोधली, उघडली. एकाखाली एक नावं दिसायला लागली.

"आहेत! ताई, सगळी आहेत गं!" तिला रडूच फुटलं.

"एक लावून बघ."

तिने लावलं. इंटरनेट नाही, असं आलं. दुसरं लावलं. तेच.

"ती नुसती नावं आहेत वहिनी." नणंदेचा आवाज खाली गेला. "खरी फाइल लागेल तेव्हा तिकडून येते. दादाने यावर जी उतरवून घेतली असेल, तेवढीच आत सापडेल."

ती एकेका नावावर बोट आपटत गेली. इंटरनेट नाही. इंटरनेट नाही. डोळ्यांत पाणी साचून अक्षरं दिसेनाशी झाली तरी ती दाबतच राहिली. आणि अगदी तळाच्या, सगळ्यात पहिल्या रेकॉर्डिंगवर टॅब एकदम गरजला:

"अगं, मिक्सर बंद कर ना! आणि दार लाव आधी, सगळा गोंगाट आत येतोय!"

बस, एवढंच. बिघडलेलं, टाकून दिलेलं रेकॉर्डिंग. कसं आलंय ते ऐकायला त्याने उतरवून घेतलं असणार.

"मी कंपनीला लिहून बघते," नणंद म्हणाली. "पण आशेवर राहू नकोस. आणि एका वाक्यावर ते यंत्र..."

हिने मान वर केली. उंबऱ्यात नवरा उभा होता. त्याचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला होता.

तिने फोन ठेवला. लपवायचं तिला सुचलंही नाही. "मी पुसलं," ती म्हणाली. "मला वाटलं, वर आहे."

दार तसंच टाकून तो आत आला. त्याचे ओठ हलले, रुमालाआडून नुसता वारा बाहेर आला. मग त्याने टेबलावरची पाटी ओढली आणि लिहिलं, 'सगळं?'

तिने मान हलवली.

त्याने तो शब्द तळहाताने पुसला. खडू पाटीवर टेकवला, तो टेकलेलाच राहिला. शेवटी पाटी बाजूला सारून तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला, टॅब मांडीवर घेतला आणि बोट दाबलं.

"अगं, मिक्सर बंद कर ना! आणि दार लाव आधी..."

ती उठली आणि दार लावून आली.