आजोबांची नवी कादंबरी

"आजी, आपण हरणार आहोत," नातीने गाडी लावता लावता पुन्हा सांगितलं. आजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कोर्टाच्या पायऱ्या किती उंच आहेत ते पाहून घेतलं.

नातच वकील असली की एक बरं असतं, ती अशिलाला खोटी आशा दाखवत नाही. लेखक वारला की त्याच्या पुस्तकांवरचा हक्क ठरावीक वर्षं वारसांकडे राहतो आणि मग संपतो, हे तिने आजीला कागदावर रेघा मारून समजावलं होतं. आजोबा ऐन भरात असताना गेले. नातीने त्यांना फोटोतच पाहिलेलं. त्यांची मुदत गेल्या वर्षी संपली आणि पुस्तकं सगळ्या जगाची झाली.

जग टपूनच बसलं होतं. एका कंपनीने आजोबांच्या सगळ्या कादंबऱ्या यंत्राला वाचायला घातल्या आणि यंत्राने त्यांची 'नवी कादंबरी' लिहून टाकली. वर आजोबांचं नाव, मागे आजोबांचा फोटो. यंत्राने पुस्तकं पोटात घालणं ही चोरी की अभ्यास, यावर कायदा अजून डोकं खाजवत होता. पण मुदतच संपल्यावर तो प्रश्नही उरत नव्हता.

आजीने एक वेळ तेही सोडून दिलं असतं. पण यंत्राने आजोबांच्या गाजलेल्या कादंबरीतल्या नर्सला हात घातला होता. मूळ कादंबरीतली ही नर्स नवऱ्याचं घर सोडते आणि परत येत नाही. एका पिढीच्या बायकांनी ते पुस्तक उशाखाली ठेवून वाचलं होतं. यंत्राच्या कादंबरीत ती परत येते आणि दारात उभी राहून नवऱ्याची माफी मागते.

"माफी? ती कशाबद्दल?" आजीने विचारलं होतं. ते पान वाचून ती दिवसभर जेवली नव्हती. पुस्तक बाजारातून मागे घ्यायला लावायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं. मुलाने समजावलं, सुनेने समजावलं. आजी ढिम्म हलली नाही.

आजोबांच्या लिखाणात तिचाही घाम होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं अक्षर म्हणे कोणालाच लागत नसे. सकाळी ते फिरायला गेले की आजी खोलीचं दार लावून त्यांचं लिखाण टाइप करायची आणि कच्चे कागद बंबात टाकायची. ते गेल्यावर पोरांसाठी तिने दवाखान्यात नोकरी धरली आणि टाइपरायटरला पुन्हा हात लावला नाही.

कोर्टात नातीने हाताशी उरलेला एकच मुद्दा मांडला. हक्क संपला असेल, पण मेलेल्या माणसाचं नाव लावून वाचकाला फसवता येत नाही.

कंपनीचे वकील हसतमुख गृहस्थ होते. फसवणूक कसली, असं त्यांनी विचारलं. यंत्राला लेखकाचा हात इतका पक्का ओळखता येतो, की त्याचं न वाटणारं वाक्य ते स्वतःच गाळून टाकतं. लेखकावर आयुष्य घालवलेल्या प्राध्यापकांनी नक्कल करून पाहिली होती. यंत्राने एकालाही पास केलं नव्हतं. इथे कोणाला हौस असेल तर त्यांनीही करून पाहावी, असं ते म्हणाले आणि कंपनीच्या तज्ज्ञाने यंत्र पुढे सरकवलं.

न्यायाधीशांनाही गंमत वाटली असावी. त्यांनी परवानगी दिली.

नात याचीच वाट पाहत होती. यंत्र एकदा फसलं की हसतमुख गृहस्थांचा मुद्दा आडवा होणार होता. तिने आजोबांची वळणं घोकून एक परिच्छेद तयार करून आणला होता. तो तिने घातला. पडद्यावर लगेच उमटलं: 'दुसरा लेखक'. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्याआड हसलं. नातीचे कान तापले.

"मी लिहू का?" आजीने विचारलं.

तज्ज्ञाने अदबीने खुर्ची दिली. आजीची बोटं आधी अडखळली, मग चालू लागली. नात मागे उभी राहून वाचत होती. आजीने दाराचाच प्रसंग घेतला होता. नर्स येते, नवरा दार उघडतो. ती आपली विसरलेली छत्री मागते आणि ती घेऊन जिना उतरते. त्याला काय म्हणायचं आहे ते ऐकायलाही थांबत नाही. नातीच्या मनात आलं, इतकी वर्षं टाइप करून करून आजीच्या बोटांत आजोबा मुरले होते.

पडद्यावर उमटलं: 'मूळ लेखक'.

तज्ज्ञाने तोच मजकूर पुन्हा घातला. उत्तर बदललं नाही. हसतमुख गृहस्थांचं हसू मावळलं. नातीला तर जिंकल्यासारखंच वाटलं.

"साहेब, यंत्र फसलं," ती म्हणाली. "माझ्या आजीने सगळ्यांसमोर नक्कल केली आणि यंत्राला ती कळली नाही."

आजीने तिच्या काळ्या कोटाची बाही ओढून तिला खाली बसवलं आणि स्वतः उठून उभी राहिली.

"ते फसलेलं नाही, साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली. "मुदत लेखक मेल्यापासून मोजतात ना? मग आधी मला मरू तर द्या."